मणक्याच्या इजेनंतर पायाचं हाड का मोडतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी डी-१० लेव्हलचा पॅराप्लेजिक, म्हणजे पाठीच्या (डॉर्सल) दहाव्या मणक्यापाशी मज्जारज्जूला इजा होऊन कमरेखालची हालचाल आणि संवेदना गेलेला. व्हीलचेअरवर बसायला लागून आता अठरा वर्षं होतील. इजेनंतर सातव्या वर्षी माझ्या उजव्या मांडीचं हाड गुडघ्याच्या जरा वर मोडलं. पडलो नव्हतो, कुठे आदळलो नव्हतो. पलंगावर बसून पँट घालत होतो. पाऊल पँटच्या पायात अडकलं, मी नेहमीसारखा गुडघा उचलून वळवला आणि सुकी काटकी मोडावी तसा आवाज आला. दुखलं काहीच नाही. म्हणून दोन दिवस तसाच राहिलो, कामावरही जाऊन आलो. त्या दोन दिवसांचा राग अजून गेलेला नाही, म्हणून हे पान लिहितोय.

नव्याने इजा झालेली मंडळी, त्यांच्या आया, बायका, भाऊ आणि घरी येणारे फिजिओ जे विचारतात, तेच खाली घेतलं आहे. मी डॉक्टर नाही. औषधांबद्दल जे लिहिलंय ते तुमच्या डॉक्टरांशी नीट बोलता यावं एवढ्यापुरतंच.

पायावर भारच पडत नाही, मग पायाचं हाड मोडेल कसं?

भार पडत नाही म्हणूनच मोडतं. हाड म्हणजे एकदा ओतला की झाला असा सिमेंटचा खांब नव्हे. ते रोज थोडं खरवडलं जातं आणि रोज थोडं भरलं जातं. किती भरायचं हे हाडाच्या आत बसलेल्या ऑस्टिओसाइट नावाच्या पेशी ठरवतात. उभं राहताना, चालताना, स्नायू ओढताना हाडाला जो ताण बसतो तो या पेशींना कळतो. हाडाची घडण त्याच्यावर येणाऱ्या भाराप्रमाणे बदलते, हे यूलिउस वोल्फ या जर्मन सर्जनने १८९२ सालीच मांडलं होतं. ताण थांबला की या पेशी स्क्लेरोस्टिन नावाचं प्रथिन जास्त सोडू लागतात. नवं हाड भरणाऱ्या पेशींना ते आवर घालतं. खरवडणाऱ्या पेशींचं काम मात्र जोरात चालू राहतं.

अंतराळात महिनोन् महिने तरंगणाऱ्या अंतराळवीरांचं खुब्याचं हाड महिन्याला साधारण एक ते दीड टक्का कमी होतं. त्यांच्यासाठी केवढे व्यायाम, केवढी यंत्रं! आपल्या गुडघ्याजवळचं हाड इजेनंतरच्या पहिल्या काही महिन्यांत महिन्याला दोन ते चार टक्क्यांनी उतरतं. त्याबद्दल बहुतेकांना डिस्चार्जच्या कागदावर एक ओळही मिळत नाही.

हे किती दिवस चालतं? शेवटी हाड उरतं तरी का?

उरतं. पहिली एक-दोन वर्षं उतार सर्वांत तीव्र असतो, मग तो मंदावतो. स्वित्झर्लंडमध्ये नॉटविलला पॅराप्लेजिकांसाठी मोठं केंद्र आहे. तिथली २००४ साली प्रसिद्ध झालेली मोजमापं या विषयात सगळीकडे सांगितली जातात. इजेनंतर तीन ते आठ वर्षांत हाड एका नव्या, खालच्या पातळीवर स्थिरावतं. तोपर्यंत मांडीच्या हाडाच्या गुडघ्याकडच्या टोकातलं जवळजवळ निम्मं आणि नडगीच्या वरच्या टोकातलं सुमारे साठ टक्के हाड गेलेलं असतं. मधल्या दांड्याचं नुकसान त्यामानाने कमी, पाव ते एकतृतीयांश.

टोकं आणि दांडा यांत फरक का, तर दोन्हींची बांधणीच वेगळी. टोकांमध्ये हाड जाळीदार असतं, अनारशासारखं. जाळीचा एकेक धागा झिजून तुटला की तो पुन्हा जोडला जात नाही. दांडा बांबूसारखा पोकळ असतो. त्याची भिंत आतून खरवडली जाऊन पातळ होते, पण बांबू बांबूच राहतो. म्हणून आपली फ्रॅक्चर्स बहुतेक गुडघ्याच्या वर किंवा खाली होतात. म्हाताऱ्या माणसांचा खुबा आणि मनगट मोडतं, आपला गुडघ्याजवळचा भाग. घोट्याजवळही होतात. खुब्याला होत नाहीत असं नाही.

हाताची हाडं? पॅराप्लेजिकांची शाबूत राहतात, काहींची तर चाकं ढकलून चांगली दणकट होतात. टेट्राप्लेजिकांची, म्हणजे मानेला इजा होऊन हातही अधू झालेल्यांची, मात्र हातांचीही उतरतात. नियम साधा आहे: इजेच्या लेव्हलच्या खाली जे जे, ते ते.

सगळ्यांनाच होतं का?

हाड उतरणं जवळजवळ सगळ्यांना, फ्रॅक्चर सगळ्यांना नाही. वर्षाला शंभरात दोघांच्या आसपास, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलं आहे. इजेला जितकी वर्षं होतात तितका हा आकडा वाढत जातो. वीस-पंचवीस वर्षं व्हीलचेअरवर काढायची म्हटलं की शंभरात दोन हा आकडा लहान राहत नाही.

कम्प्लिट इजा (जिच्याखाली हालचाल-संवेदना काहीच उरत नाही), जुनी इजा, वाढतं वय, पाळी गेलेली बाई, बारीक अंगकाठी, दारू, सिगारेट-तंबाखू या सगळ्यांनी धोका वाढतो. फिटच्या काही गोळ्या आणि तीव्र वेदनाशामकं, म्हणजे ओपिऑइड, यांचाही फ्रॅक्चरशी संबंध दिसलेला आहे. आपल्यातल्या पुष्कळांच्या प्रिस्क्रिप्शनवर हे दोन्ही असतं. म्हणून गोळ्या बंद करू नका, पण डॉक्टरांना आठवण जरूर करून द्या. आणि एकदा साध्या कारणाने हाड मोडलं असेल तर पुढचं मोडण्याची शक्यता बरीच जास्त. मी त्या गटात आहे.

नेमकं कशाने मोडतं? आम्ही काय सांभाळायचं?

अपघात म्हणावा असं काही घडतच नाही, हीच यातली गोम आहे.

ट्रान्स्फर हे पहिलं कारण. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून कमोडवर, खुर्चीतून रिक्षात. अंग वळतं पण पाऊल जमिनीला किंवा फूटरेस्टला चिकटून राहतं आणि सगळा पीळ गुडघ्याच्या आसपास जातो. म्हणून आधी पाय, मग अंग. दोन्ही पावलं ज्या दिशेला जायचं तिकडे वळवून ठेवा, मगच बूड उचला. ब्रेक दोन्ही चाकांचे. बाथरूमची फरशी ओली असताना नाही म्हणजे नाही. कमोड चेअरला चारही चाकांना ब्रेक असतील तरच ती घ्या.

दुसरं, पुढे पडणं. फुटपाथच्या फटीत, गटाराच्या जाळीत, रस्त्यावरच्या पेव्हर ब्लॉकच्या खाचेत पुढचं लहान चाक अडकतं, खुर्ची थांबते, माणूस थांबत नाही. गुडघ्यांवर आपटलं की मांडीच्या हाडाचं खालचं टोक पिचतं. कमरेचा पट्टा लावायला लाज वाटते, मलाही वाटायची.

तिसरं, पाय फूटरेस्टवरून घसरून मागे जाणं. खुर्ची चालू आणि पाऊल खाली घासत मागे वळलेलं, आपल्याला पत्ताच नाही. पोटऱ्यांच्या मागे एक रुंद पट्टा लावा. चप्पल मोच्याकडून शिवून घेता तसाच हा पट्टाही कुणीही शिवून देतो. दाराच्या चौकटीला गुडघे आपटणं हे याच्यातलंच.

चौथं कारण सांगताना जरा अवघड वाटतं: मदत करणारे हात. लग्नाच्या हॉलला पायऱ्या असतात, चार जण धावत येतात, एक जण काखेत धरतो आणि एक जण घोट्यांना धरून उचलतो. घोट्याला धरून उचललेला पाय म्हणजे गुडघ्यावर टांगलेली लांबलचक तरफ. नीट सांगा, न लाजता सांगा: एक हात मांडीखाली, एक पोटरीखाली. खुर्चीसकट उचलत असतील तर फ्रेमला धरा. फूटरेस्टला धरलं तर ते निसटून हातात येतं. माणसं चांगली असतात, त्यांना फक्त माहीत नसतं.

मांडी घालून बसणं, जेवायला पंगतीत खाली बसणं, यातही मांडी बाहेरच्या बाजूला पिळली जाते. पहिल्यापासून रोज बसणाऱ्यांचे सांधे मोकळे असतात. पाच वर्षांनी सत्यनारायणाला कुणीतरी आग्रह केला म्हणून बसू नका. देव खुर्चीवरही नमस्कार घेतो.

फिजिओने पाय हलवताना मोडू शकतो का? मग व्यायाम बंद करावा?

मोडू शकतो, मोडलेले आहेत. बंद मात्र करू नये. व्यायाम बंद केला की सांधे आखडतात, आणि आखडलेला सांधा कपडे घालताना ओढावा लागतो. म्हणजे फ्रॅक्चरला दुसरं दार उघडलं.

कसं हलवायचं ते महत्त्वाचं. हात सांध्याच्या जवळ ठेवायचा, लांबून धरायचं नाही. गुडघा वाकवून, घोटा धरून मांडी आत-बाहेर वळवणं हा सर्वांत वाईट प्रकार. त्या पिळात मांडीचं हाड नागमोडी मोडतं. स्पॅझम, म्हणजे स्नायूंचा आपोआप येणारा झटका, आला की त्याच्याशी कुस्ती खेळायची नाही, हात तसाच ठेवून वाट पाहायची, तो सुटतो. नवा फिजिओ आला की पहिल्या दिवशीच सांगा किती वर्षांची इजा आहे, आधी काही मोडलं आहे का. "जोर लावल्याशिवाय मोकळं होणार नाही" असं म्हणणाऱ्याला चहा द्या आणि निरोप द्या.

दुखत नाही, तर मोडलंय हे कळणार कसं?

या पानावरचं बाकी सगळं विसरलात तरी चालेल, हे विसरू नका.

पाय बघून कळतं, हात लावून कळतं. एक गुडघा दुसऱ्यापेक्षा मोठा दिसतो. मांडी किंवा पोटरी टम्म होते, गरम लागते, लाल किंवा काळीनिळी पडते. पाय नेहमीपेक्षा वेगळ्याच कोनात पडलेला दिसतो, पाऊल बाहेर वळलेलं. हलवताना आत काहीतरी करकरतं. कधी यातलं एकच दिसतं, आणि तेही दुसऱ्या दिवशी.

याशिवाय शरीर आडून निरोप पाठवतं. एरवी शांत असणारे पाय अचानक उडायला लागतात, स्पॅझम दुप्पट होतात. विनाकारण घाम, हुडहुडी, बारीक ताप. काहींना नुसतं "बरं वाटत नाही" असं होतं, अन्न नको वाटतं. आम्ही सगळे सवयीने त्याचा आळ लघवीच्या इन्फेक्शनवर घालतो, अँटिबायोटिक सुरू करतो आणि चार दिवस घालवतो. मी नेमकं हेच केलं. इन्फेक्शन तपासा, पण आधी पँट काढून दोन्ही पाय शेजारी ठेवून बघा. मोजपट्टी असेल तर गुडघ्याच्या वर चार बोटांवर दोन्ही बाजूंनी घेर मोजा. डोळा फसतो, पट्टी फसत नाही.

अर्धवट संवेदना असलेल्यांना दुखेलही, पण भलत्याच जागी किंवा जळजळ होऊन.

शंका आली की त्याच दिवशी एक्स-रे. दोन बाजूंनी, आणि गुडघा दिसेल असा. मी गेलो त्या दवाखान्यात कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांनी विचारलं, "दुखतंय का?" मी म्हटलं, "नाही." त्यांनी मलम लिहून दिलं. चूक अर्धी त्यांची, अर्धी माझी. मी म्हणायला हवं होतं, "मला तिथे दुखूच शकत नाही, फोटो काढा." हे वाक्य पाठ करून ठेवा.

पायाला सूज आली तर तेल लावून मालीश करावं का? शेक द्यावा का?

नाही. दोन्हीला ठाम नाही.

सुजलेल्या, गरम पायात फ्रॅक्चर असू शकतं, तशीच शिरेत रक्ताची गुठळीही असू शकते. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. गुठळी असताना चोळलं तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते, आणि ते जिवावर बेततं. कातडीखालचं इन्फेक्शन असू शकतं. इजेनंतरच्या पहिल्या काही महिन्यांत खुब्याभोवतीच्या स्नायूंत भलतीकडेच हाड तयार होतं, तेही असू शकतं. म्हणून एक्स-रेबरोबर बहुधा पायाच्या शिरांची सोनोग्राफी, म्हणजे डॉपलर, सांगतात. ती टाळू नका.

शेकाचं म्हणाल तर, ज्या कातडीला चटका कळत नाही तिच्यावर गरम पिशवी ठेवून किती जणांनी फोड आणून घेतले आहेत, मोजदाद नाही. फ्रॅक्चर सहा ते बारा आठवड्यांत सांधेल, भाजलेल्याची जखम सहा महिने पुरेल.

दवाखान्यात नेईपर्यंत पाय मऊ उशीत गुंडाळा, उशी दोन ठिकाणी ओढणीने सैल बांधा आणि पाय सरळ करायच्या फंदात पडू नका. ज्या स्थितीत आहे त्याच स्थितीत न्या.

माझी लेव्हल डी-६ च्या वर आहे. माझ्यासाठी काही वेगळं?

हो, आणि ते तातडीचं आहे. डी-६ किंवा त्याच्या वर इजा असणाऱ्यांचं शरीर खालच्या दुखापतीला रक्तदाब उसळवून उत्तर देतं. याला ऑटोनॉमिक डिस्रेफ्लेक्सिया म्हणतात. डोकं ठणकतं, चेहरा लाल होतो, मानेपासून वर घाम फुटतो, अंगावर काटा येतो, नाक चोंदतं. एरवी तुमचा वरचा रक्तदाब ९० ते ११० असतो. तो १४० झाला की नवख्या डॉक्टरला काही विशेष वाटत नाही, पण तुमच्यासाठी तो धोक्याचा आहे. नेहमीपेक्षा २० ते ४० ने वाढला की समजायचं.

ताबडतोब उठून ताठ बसा, घट्ट कपडे, पट्टे, बूट सैल करा, कॅथेटर (लघवीची नळी) मुडपलाय का, पिशवी भरलीय का ते बघा, मग शौचाचं बघा. बहुतेक वेळा कारण तिथेच सापडतं. नाही सापडलं तर पाय तपासा: अंगठ्याचं नख, जखम, आणि मोडलेलं हाड. रक्तदाब उतरत नसेल तर वाट न बघता दवाखाना गाठा.

हाडांची तपासणी करावी का? कुठली?

डेक्सा. हाडांची घनता मोजणारा हा फोटो, रेडिएशन अगदी थोडं. इजेने कायमचा परिणाम झालेल्या प्रत्येक प्रौढाचा, तब्येत स्थिर होताच, एक डेक्सा व्हावा अशी शिफारस हाडांची घनता मोजणाऱ्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१९ साली केली. त्यात खुबा तर घ्यायचाच, शिवाय मांडीच्या हाडाचं खालचं टोक आणि नडगीचं वरचं टोक.

अडचण इथे येते. आपल्याकडचं नेहमीचं सेंटर खुबा आणि कंबर मोजून कागद हातात देतं. कंबरेचा आकडा आपल्यासाठी जवळजवळ निरुपयोगी. बसून बसून त्या मणक्यांवर भार येतच असतो, शिवाय ऑपरेशनमध्ये घातलेल्या सळया आणि स्क्रू मशीनला हाडच वाटतात. "कंबर नॉर्मल, हाडं उत्तम" असा रिपोर्ट घेऊन खूश होणारे मी पाहिले आहेत. खुब्याचा आकडा बघा, आणि गुडघ्याचा काढून मिळेल का ते फोन करून आधीच विचारा. नाही मिळाला तर खुब्यावर भागवायचं. दर एक-दोन वर्षांनी शक्यतो त्याच मशीनवर पुन्हा.

दूध, नाचणी, कॅल्शियमच्या गोळ्या, ड जीवनसत्त्व: किती आणि काय?

खाण्याने गेलेलं हाड परत येत नाही, हे आधी मान्य करू. पण कमी खाल्लं तर आणखी जातं.

प्रौढाला दिवसाला साधारण १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास असतं, पेलाभर दुधात अडीचशे. नाचणीची भाकरी, दही, तीळ, पालेभाज्या, कोकणात असाल तर काट्यासकट खाल्लेली छोटी मासळी, एवढ्यात बरंचसं भागतं. मूतखडा होईल म्हणून कॅल्शियम पूर्ण सोडणं चूक आहे. इजेनंतरच्या पहिल्या महिन्यांत मात्र हाडातून सुटलेलं कॅल्शियम लघवीत भरपूर येत असतं, रक्तातही वाढू शकतं, तरुण मुलांमध्ये विशेष. त्या काळात मनानेच गोळ्या सुरू करू नका. त्या दिवसांत मळमळ, बद्धकोष्ठता, सुस्ती, सारखी तहान असं काही झालं तर रक्तातलं कॅल्शियम तपासून घ्या.

ड जीवनसत्त्वाची कमतरता तर उन्हाच्या या देशात चालत्या-फिरत्या माणसांतही सर्रास आहे, घरात पडून असलेल्यांची काय कथा. रक्ततपासणी करा. कमी असेल तर साठ हजार युनिटची पुडी आठवड्याला एक, साधारण आठ आठवडे, असं बहुतेक डॉक्टर देतात. मग पुन्हा तपासून कमी डोस. तीच पुडी वर्षभर आपल्या मनाने घेत राहू नका, त्याचंही विष होतं. उन्हात बसायला हरकत नाही, पण मानेच्या इजेवाल्यांना घाम येत नाही, अंग तापत जातं आणि कळत नाही. दहा-पंधरा मिनिटं, डोक्यावर टोपी, हाताशी पाणी.

हाड वाढवणारी औषधं आहेत ना?

आहेत. पण खरं ते सांगतो: या औषधांनी आपल्यासारख्यांच्या हाडाची घनता टिकते हे दिसलं आहे, फ्रॅक्चर कमी होतात हे अजून कुणी सिद्ध केलेलं नाही. तरीही तज्ज्ञ ती देतात, कारण दुसरं हातात फारसं नाही.

झोलेड्रोनिक ॲसिड, वर्षातून एकदा सलाइनमधून. इजेनंतर लवकर दिलं तर खुबा चांगला वाचतो, गुडघा तितकासा नाही. पहिल्या डोसनंतर दोन-तीन दिवस ताप आणि अंगदुखी येते, तेव्हा घाबरून जाऊ नका. डेनोसुमॅब, सहा महिन्यांनी एक इंजेक्शन. याचा गुडघ्यालाही फायदा दिसला आहे. पण हे सुरू करण्याआधी नीट विचार करा, कारण मध्येच सोडलं तर रोखलेली झीज दामदुपटीने परत येते आणि मणके पिचू शकतात. पैसे संपले, डॉक्टर बदलले, गाव बदललं, म्हणून डोस चुकवण्याचं हे औषध नव्हे. आठवड्याची अलेन्ड्रोनेटची गोळी स्वस्त आहे, पण ती उपाशीपोटी पेलाभर पाण्याबरोबर घेऊन अर्धा तास ताठ बसावं लागतं. बसल्यावर रक्तदाब पडणाऱ्या टेट्राप्लेजिकाला ते जमेलच असं नाही.

सुरू करण्याआधी तीन गोष्टी. ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम भरून घ्या. दात काढायचे असतील तर आधी काढून घ्या, कारण क्वचित जबड्याचं हाड बरं न होण्याचा त्रास होतो. आणि किडनी तपासा. यात एक मेख आहे जी सगळ्यांना ठाऊक नसते: आपले स्नायू सुकलेले असल्याने क्रिएटिनिन मुळातच कमी येतं, त्यामुळे किडनी बिघडलेली असूनही रिपोर्ट छान दिसतो. सिस्टॅटिन-सी नावाची तपासणी जास्त खरं सांगते. पुढे मूल हवं असलेल्या मुलींनी हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावं, कारण यातली काही औषधं हाडात वर्षानुवर्षं राहतात.

रोज उभं राहिलो तर हाड परत येईल?

नुसतं फ्रेममध्ये बांधून उभं राहिल्याने गेलेलं हाड परत आल्याचं दिसत नाही. पोट साफ होतं, स्पॅझम उतरतो, सांधे मोकळे राहतात, समोरच्याच्या डोळ्यात डोळे घालून बोलता येतं. एवढ्यासाठी जरूर उभे राहा. हाडासाठी म्हणून कुणी महागडं यंत्र विकत असेल तर पाकीट आत ठेवा.

विजेच्या उत्तेजनाने स्नायू हलवून चालवायच्या सायकलीने गुडघ्याजवळचं हाड काही प्रमाणात वाढल्याचं दिसलं आहे, पण आठवड्यातून तीन ते पाच दिवस, महिनोन् महिने, आणि सोडलं की पुन्हा खाली. कित्येक वर्षं बसलेल्या माणसाने एक्स-रे आणि डेक्साशिवाय अचानक कॅलिपर (पायाला बांधायचा आधार) घालून उभं राहणं, सायकल किंवा चालवणारा रोबो वापरणं धोक्याचं. चालण्याच्या यंत्रात पाय मोडल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत. आधी टिल्ट टेबल, म्हणजे बांधून तिरकं उभं करणारा पलंग, हळूहळू कोन वाढवत.

मोडलंच तर प्लास्टर की ऑपरेशन?

पूर्वी ठरलेलं उत्तर होतं: "चालायचं नाहीच, मग ऑपरेशन कशाला?" अजूनही हे वाक्य ऐकू येतं. त्याला उत्तर असं द्या: "चालायचं नाही, पण बसायचं आहे, ट्रान्स्फर करायचं आहे, गाडीत चढायचं आहे." पाय बाहेरच्या बाजूला वळून जुळला तर तो जन्मभर प्रत्येक दारात अडकतो आणि बसताना एकाच बाजूवर भार देऊन बेडसोअर करतो. खुबा आणि मांडीचं हाड सरकलेलं असेल तर आता ऑपरेशनचा विचार जास्त होतो. हाड ठिसूळ म्हणून लॉकिंग प्लेट किंवा आत सळई घालतात.

न सरकलेलं, गुडघ्याजवळचं असेल तर बिनऑपरेशनचं भागतं. माझं तसंच भागलं. पण साधं गोल प्लास्टर आपल्याला घातक आहे. आत कातडी दबते, आपल्याला कळत नाही, आणि काढल्यावर टाचेवर हाडापर्यंतची जखम निघते. भरपूर कापूस घालून दोन फाकांत कापलेलं, रोज उघडून बघता येईल असं प्लास्टर किंवा मऊ ब्रेस मागा. टाच अधांतरी राहिली पाहिजे. वजन लावून ताणून ठेवण्याचा ट्रॅक्शनचा उपाय आपल्या कातडीला आणि स्पॅझमला सहसा मानवत नाही.

सांधायला सहा ते बारा आठवडे लागतात. त्या काळात रक्त पातळ ठेवण्याचं औषध लागेल का ते विचारा. आणि घरचा हिशेब आधी मांडा: सरळ पाय घेऊन व्हीलचेअर आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये मावत नव्हती. नऊ आठवडे मी दुसऱ्या मजल्यावर होतो.

हाडवैद्याकडे जाऊ का? हाडजोडीच्या वेलीचं काय?

ओढून-ताणून बसवणाऱ्याकडे अजिबात जाऊ नका. तो तुमच्या चेहऱ्याकडे बघून जोर ठरवतो, आणि तुमचा चेहरा काहीच सांगत नाही. घट्ट बांधलेल्या कामट्या कातडी खातात. हाडजोडीचा लेप लावून आपल्यातल्या कुणाचं हाड भक्कम झाल्याचा पुरावा माझ्या वाचनात नाही. भाजी म्हणून खायची तर खा.

दाखवायचं कुठे?

हाडांचे डॉक्टर फ्रॅक्चर बघतील, पण शक्य तर सोबत रिहॅबिलिटेशनच्या, म्हणजे पीएमआरच्या डॉक्टरांचं मत घ्या. मुंबईत हाजीअलीला १९५५ पासून केंद्र सरकारची फिजिकल मेडिसिन ॲण्ड रिहॅबिलिटेशनची संस्था आहे. सैन्यातल्यांसाठी पुण्यात खडकीला १९७४ सालापासून पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे. गावात काहीच नसेल तर निदान एक्स-रे गावात काढा आणि मोबाइलवर तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना पाठवा.

कॅज्युअल्टीत कुणी ऐकून घेत नाही. काय करायचं?

मी व्हीलचेअरच्या खिशात लॅमिनेट केलेली एक चिठ्ठी ठेवतो. हवी तर उतरवून घ्या, आपली लेव्हल आणि आकडे घालून:

"मला डी-१० ची कम्प्लिट स्पायनल कॉर्ड इजा आहे. कमरेखाली मला दुखत नाही, त्यामुळे दुखण्यावरून निदान करू नका. पायाची हाडं ठिसूळ आहेत, आधी एकदा फ्रॅक्चर झालं आहे. पाय सुजलेला किंवा गरम असेल तर एक्स-रे आणि डॉपलर करा. पाय घोट्याला धरून उचलू नका. बंद प्लास्टर घालू नका. स्ट्रेचरवर दर दोन तासांनी कूस बदला. माझा नेहमीचा रक्तदाब ११०/७०. लेटेक्सची ॲलर्जी नाही. कॅथेटर दर चार तासांनी."